टेबलक्लॉथखाली झाकलेलं ‘बारसं’

पनवेलमधल्या एका हॉलमध्ये आईने बाबांच्या चित्रावरचा टेबलक्लॉथ खेचून काढला, त्याला साठहून जास्त वर्षं झाली. मी तेव्हा पाचवीत होते. राग अजून गेलेला नाही… म्हणून आज लिहून टाकतेय.

माझे बाबा चित्रकार. मुंबईला दोन वर्षं शिकून परत आले आणि पनवेलच्याच एका छापखान्यात डिझाइनचं काम करू लागले. तेलाच्या बाटलीचं लेबल, विडीच्या बंडलावरचा कागद, लग्नपत्रिकेवरचा गणपती… गावातल्या निम्म्या घरांत बाबांच्या हातचं काहीतरी असायचंच.

पण घरी ते वेगळंच काढायचे. मिठागरात एकटंच उभं असलेलं दार. अंथरुणात माणसाच्या जागी निजलेला मासा. भर दुपारचं चित्र असलं तरी आभाळ काळं. तो काळा रंगही विकतचा नाही, निळा आणि तपकिरी मिसळून केलेला. “विकतचा काळा नुसता काळाच दिसतो,” म्हणायचे.

गंमत बघा… मुंबईचे प्रकाशक त्यांच्याकडून रहस्यकथांची कव्हरं करून घ्यायचे. विहिरीतून वर येणारा हात, डोकं नसलेला पहारेकरी. ती पुस्तकं गावातले प्रतिष्ठित लोक चवीने वाचायचे. तसलंच चित्र भिंतीवर लावलं की मात्र “मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना?”

त्या वर्षी गावातल्या एका मंडळाने स्थानिक कलावंतांचं प्रदर्शन ठरवलं. कमान बाबांनी रंगवली, आमंत्रणपत्रिका बाबांनी केली, स्टेजही त्यांनीच सजवलं. सगळं हौसेने, रात्रंदिवस राबून. बदल्यात त्यांना एक भिंत मिळाली.

त्या भिंतीवर मधोमध ‘बारसं’ होतं. पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशी, वर काळं आभाळ, आणि मध्ये नऊवारीतली बाई. मानेवर चेहऱ्याऐवजी विझलेला कंदील. पोटाच्या जागी एक छोटी खोली… त्या खोलीत टांगलेले दोन रिकामे पाळणे.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही हॉलवर पोचलो, तर बाकीची चित्रं उघडी आणि ‘बारसं’वर टेबलक्लॉथ! त्यावरचे चहाचे डागसुद्धा तसेच. पाहुणे यायला अर्धा तास होता.

बाबा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “जाऊ दे.” त्यांच्या त्या ‘जाऊ दे’चाही मला आज राग येतो… पण माणूसच तसा होता.

आई पुढे गेली आणि तिने कापड खेचलं. मंडळाचे अध्यक्ष धावत आले. “वहिनी, अहो काय करताय! मंगल प्रसंग आहे. बायका येणार, पोरंबाळं येणार. त्यांनी असलं अभद्र बघायचं? आणि वर त्याला नाव काय, तर बारसं!”

“नाव मी दिलंय,” आई म्हणाली.

तिने मला जवळ ओढलं.

“ह्यांनी चित्र काढलं, पण सांगितलं मी. ही व्हायच्या आधी माझी दोन मुलं गेली. एक आठ दिवसांचं, एक त्याहून लहान. बाराव्या दिवसापर्यंत कुणी राहिलंच नाही. त्यांची आठवण तुम्हाला अभद्र वाटते?”

मला दोन भावंडं होती, हे मला त्या हॉलमध्ये कळलं.

वाटलं, आता तरी हा माणूस खाली मान घालेल. छे! तो म्हणाला, “तुमचं दुःख घरात ठेवा, वहिनी.” आणि कापड परत उचललं.

तेव्हा बाबा हलले. त्यांनी ‘बारसं’ उतरवलं. मग बाकीची सगळी चित्रंही. आम्ही तिघांनी ती बाजारातून चालत, दोन खेपांत घरी आणली. लोक दुकानातून माना काढून बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ती आमच्या पडवीत, रस्त्याकडे तोंड करून लावली.

पहिल्यांदा थांबली ती गव्हाण गावची ठकूबाई. आमच्याकडे भाजी घालायची. डोक्यावरची पाटी न उतरवता ‘बारसं’समोर उभी राहिली. आई बाहेर आली, तशी म्हणाली, “बाय, माजी पन एक गेली. आमच्यात नाव ठेवल्याबिगर गेलेल्याचं नाव कोन घेत नाय. पन मी मनात ठेवलंय.”

“काय ठेवलंस?”

“चांगुणा.” मग आजूबाजूला बघून म्हणाली, “कुनाला सांगलं नाय आजवर.”

आईने तिची पाटी उतरवून घेतली. दोघी पडवीत बसून रडल्या, अगदी मोकळ्याने. बाबा उंबऱ्यात उभे होते… त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

त्या आठवड्यात अजून बायका आल्या. काही नुसत्या बघून गेल्या, काही आईशी बोलत बसल्या. आमच्या गल्लीतली जैनबचाचीही येऊन गेली. हॉलमधल्या प्रदर्शनाला किती लोक गेले, मला माहीत नाही. विचारावंसंही वाटलं नाही.

त्या मंडळाने बाबांना पुन्हा कधी बोलावलं नाही. आयुष्यभर ते लेबलं आणि कव्हरं करत राहिले, आणि घरी काळं आभाळ रंगवत राहिले. बाबा गेल्यावर मात्र शोकसभेत त्याच अध्यक्षांनी भाषण ठोकलं, “पनवेलचा थोर कलावंत!” मी उठून बाहेर आले.

‘बारसं’ आज खारघरला माझ्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्येच आहे. येणारे सुशिक्षित पाहुणे अजूनही सुचवतात, “आत ठेवा हो, घरात निगेटिव्हिटी येते.” अशा वेळी मी आईसारखी ठाम बोलते आणि बाबांसारखं रडूही देते स्वतःला. हे दोन्ही मला त्यांनीच शिकवलं… उपकार आहेत त्यांचे.