वाढीन बी मीच

सौसरजवळच्या आमच्या कारखान्याच्या वार्षिक जेवणासाठी आचारी निवडायचा होता. रामाकोन्याच्या एका बौद्ध बाईंनी चव पाहायला रांधून आणलेला पातोडीचा रस्सा साऱ्यांना आवडला. मग मॅनेजर गोड आवाजात म्हणाले, "बाई, सैपाक तुम्ही करा. वाढायला दुसरे लोक पाहू."

असला गोडवा म्हणजे निव्वळ विटाळ! मी भांडायला उठलो, पण बाईंनी हातानंच मला थांबवलं आणि शांतपणे पातेल्यावर झाकण ठेवलं. "मी रांधीन, तं वाढीन बी मीच. नाहीतं दुसरा आचारी पाहा."

आमचा म्हातारा फिटर हसला, "साहेब, बोटं चाटून राहिले होते, तवा नाही इचारली जात!"

बाईच ठरल्या. पंगतीत मान ताठ ठेवून त्यांनी पहिला रस्सा मॅनेजरच्याच पानात वाढला.

"आनखी घ्या नं, साहेब."

साहेबांनी दोनदा घेतला.