तेराव्याचं गोड

आई गेली तेव्हा मला दूधदुभतं सोडून बरीच वर्षं झाली होती. तिला ते कधीच पटलं नाही. "तूप न खाणारा मुलगा माझ्याच पोटी यायचा होता," म्हणायची. फोनवर या विषयावरून वाजलं की शेवट ठरलेला. "माझ्या तेराव्याला तरी श्रीखंड खाशील ना रे?" मी म्हणायचो, "आधी जाऊन तर दाखव!" मग दोघंही हसायचो.

गेली. अस्थी सावडून मी सिंगापूरला, यिशुन भागातल्या माझ्या फ्लॅटवर परतलो. रजा संपली होती, पुढचं सगळं पुण्यात दादा करणार होता. बघतो तर माझ्याआधी आई येऊन बसलेली. खरंच सांगतो. पोळी तव्यावरून उतरवली की मागून स्पष्ट ऐकू यायचं, "जरा तूप लाव." मी वळून बघायचो नाही. भीती वाटत नव्हती, उलट पोळ्या जास्तच करायला लागलो.

तेराव्याला दादाचा फोन आला. "गोड खाऊन घे रे, म्हणजे सुतक फिटेल." श्रीखंड मी आणून ठेवलं होतं. डबा उघडला, चमचा बुडवला आणि हात काही वर येईना. स्वतःचा भयंकर राग आला. गेलेल्या आईची एवढीशी इच्छा, तीही थट्टेतली, आणि इथे माझं तत्त्व आडवं येत होतं!

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली न्योन्या आजी, चिनी-मलय पेरानाकन घराण्यातली. लिफ्टमध्ये माझं भादरलेलं डोकं बघून तिने चौकशी केली होती. आता तिच्या हातात केळीच्या पानाच्या पुड्या होत्या, वाफाळत्या.

"नो मिल्क?" मी सवयीने विचारलं.

"नो मिल्क, नो एग. ओन्ली कोकोनट लाह," ती म्हणाली. "कुए कोची. ब्लॅक वन, फॉर व्हेन समबडी पास अवे."

दारातच पुडी सोडली. काळ्या तांदळाची चिकट पारी, आत गूळ-खोबरं. हे तर आईच्या मोदकाचं सारण! वेलदोडा तेवढा नव्हता. दोन घास खाल्ले आणि रडू कोसळलं. आजी पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

सुतक फिटलं. संध्याकाळी पोळी उतरवली आणि थांबलो. मागे काहीच नाही.

ती समाधानाने गेली की श्रीखंडावरून रुसून, मला कळलं नाही. अजूनही माझी पोळी कोरडीच असते, आणि ती गार होईपर्यंत मी तव्यापाशी उभा राहतो.