पुढचा सात

आमच्या गावच्या शाळेत आठ वर्ग होते आणि गणिताच्या बाईंकडे आठ अंकांची एक संख्या होती: ७३९३९१३३. परिपाठाला प्रत्येक वर्गातलं एक पोर आपापल्या अंकाची पाटी धरून रांगेत उभं राही. पहिलीचा सात माझा. बाई म्हणत, "आठवी, बस." शेवटचा तीन खाली बसे, उरे ७३९३९१३. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. "सातवी, बस." तरी मूळ. असं होत होत मी एकटी उभी. सात. तोही मूळच. मागून एकेक अंक छाटत गेलं तरी मूळच राहणारी यापेक्षा मोठी संख्या नाही, असं बाई सांगत. सगळे टाळ्या वाजवत. मला मात्र वाटे, बसलेल्यांनी पुन्हा उठावं. अजून वाटतं.

पुढे हुकूम यायला लागले. आठवी बंद. मग सातवी, सहावी, पाचवी. आधी शिक्षक काढून घ्यायचे, पोरं पांगली की पट मोजायला यायचं, आणि वर याला धोरण म्हणायचं!

यंदा उरलेल्या चार वर्गांसाठी मी पत्रक काढलं. मथळा ठोकला: 'जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या आमच्या शाळेत!' गावभर वाटलं. एक प्रत बाईंना पाठवली. त्या आता निवृत्त होऊन गोंदियाला असतात. लगेच फोन.

"काऊन वो, हेच शिकवलं का मी? मूळ संख्या कधी संपत नाहीत. आपली फक्त मागून छाटायच्या संख्यांत मोठी."

"चुकलं, बाई."

"ते जाऊ दे. यंदा सात कोण धरून राहिलं?"

खरं ते सांगितलं. पहिलीत एकही नाव नव्हतं.

"मग चार वर्गांच्या ७३९३ मधला सात काढ, अन् पाह्य काय उरते."

पत्रकाच्या पाठीवर मांडलं. ३९३. तीन गुणिले एकशे एकतीस. मागून छाटलेलं सगळं सोसलं होतं. पुढचा सात गेला आणि भाग गेला.

दादाची पोरगी सहा वर्षांची. वहिनीनं सडक अर्जुनीच्या कॉन्व्हेंटची व्हॅन ठरवून ठेवली होती. अख्ख्या गावाची दारं वाजवली मी, फक्त आपल्या घरात बोलले नव्हते.

"वहिनी, तिला आपल्याच शाळेत घाला न."

"वा जी ताई! मोर्चा तुमचा, अन् पोरगी मायी?" तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली. मग सूप थांबलं. "एकटीले नाही बसवत मी. सोबतीले दुसरी पोरगी आणा, मग पाहू."

एकटीनं उभं राहताना मीसुद्धा मागेच वळून बघायची.

चपला घातल्या आणि शेजारच्या दारात गेले. पत्रकं घरीच ठेवली.