ताऱ्याचे फेकलेले चार तास

माझ्या ताऱ्यात काहीच घडत नाही, याचा मला राग यायचा. सूर्यापेक्षा कितीतरी पट जड, निळसर तापलेला तारा. अंगातून सतत वायूचा सोसाटा बाहेर फेकणारा. त्या सोसाट्यातले वेगवान लोट मंद लोटांवर आदळतात आणि क्ष-किरण निघतात. आपली हवा ते खाली येऊ देत नाही, म्हणून अवकाशातली दुर्बीण लागते. माझ्याजवळ कुठली दुर्बीण? कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेली, आता सगळ्यांना खुली असलेली निरीक्षणं उतरवून घ्यायची आणि अमरावतीच्या भाड्याच्या खोलीत पंखा लावून त्यांच्याशी झटापट करायची, हे माझं संशोधन.

मला एकच जाणून घ्यायचं होतं, हे क्ष-किरण कमीजास्त होतात का? होत असतील तर ताऱ्याला जोरकस चुंबकीय क्षेत्र असेल, किंवा जवळच लपलेला जोडीदार. माझा आलेख मात्र सपाट. मार्गदर्शक मॅडमनी 'बदल नाही' असा शोधनिबंध लिहायला सांगितला. सोमवारी तो पाठवायचा होता. तीन वर्षांची उत्सुकता दोन शब्दांत आटोपणार म्हणून मी तोंड पाडून शनिवारी अकोल्याला घरी आले.

जठारपेठेत आमचं भाजीचं दुकान आहे. वांगी बार्शीटाकळीजवळच्या आमच्याच मळ्यातली. रविवारी सकाळी आई आणि मी अंगणात वांगी निवडायला बसलो. या कामात माझा हात लहानपणापासून चालतो. ढिगावर नजर फिरवायची, जे वेगळं दिसेल ते बाजूला. गिऱ्हाइकाला एकसारखा माल आवडतो. आईचं त्यापुढे आणखी एक काम असतं. बाजूला काढलेलं प्रत्येक वांगं गुरांपुढे टाकण्याआधी ती विळीवर चिरून बघते. अळी निघाली तर मळ्यात फवारणी, नाही निघाली तर ते घरच्या भाजीत.

"तुह्या त्या ताऱ्याचं काय झालं वं?" तिनं विचारलं.

"काई नाई. सारखाच हाये तो."

मग मी तिला माझ्या निरीक्षणांच्या मधल्या चार खराब तासांचं सांगितलं. अवकाशातले भरकटलेले कण कॅमेऱ्यावर आदळले की आकडे एकदम चढतात. तेवढा भाग कापून टाकतात, सगळेच टाकतात; मीही टाकला होता.

"चिरून पाह्यला का?"

"काय?"

"टाकला तो भाग. का तसाच फेकून देल्ला?"

"त्याले काय चिरतेत, आई," मी वैतागून म्हटलं. वैतागले, कारण तो भाग मी उघडूनही पाहिला नव्हता. हात धुऊन लॅपटॉप उघडला.

खराब वेळ ओळखायची असते ती ताऱ्याशेजारच्या रिकाम्या आकाशावरून. मी घाईत अख्ख्या चित्राची बेरीज घेतली होती, ताऱ्यासकट. आता नुसतं रिकामं आकाश घेतलं. कण आले असते तर तिथेही आकडे चढायला हवे होते. तिथे ते चार तास अगदी शांत होते. चढला होता तो एकटा तारा. म्हणजे जे वेगळं दिसलं ते मीच काढून टाकलं, आणि उरलेलं एकसारखं आहे म्हणून रडत बसले. मला स्वतःची लाज वाटली. लाजेहून जास्त, खरं सांगते, आनंद झाला.

"मंग काहून चढला तो?" आईनं विचारलं.

"माईत नाई."

"मंग पाह्य ना," म्हणून ती दुकानाकडे निघाली.

मॅडमना फोन केला. बोलणी खायची तयारी होती, ती खाल्लीही. मग त्यांनी निबंध थांबवला. एकदा चढल्यानं काही ठरत नाही, दुर्बिणीची नवी वेळ मागावी लागेल, ती मिळेलच असं नाही, आणि प्रबंध वर्षभर तरी लांबेल. मी सगळ्याला हो म्हटलं. फोन ठेवण्याआधी मात्र राहवलं नाही. विचारलं, "निबंध गेला असता तर काय झालं असतं?"

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या ताऱ्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नसतं."