मी मान डोलावली

कृषी पदवीला वर्गात पहिली आले, तेव्हा मला वाटलं, पेपर सोपे होते. द्राक्ष सल्लागार म्हणून नोकरी लागली, तेव्हा वाटलं, दुसऱ्या कुणी अर्जच केला नसेल. आणि तरी मनात हेच, की तालुक्यातल्या बागायतदारांनी एक दिवस मलाच बोलवावं. हाव एवढी मोठी आणि छाती एवढीशी!

ऑक्टोबर छाटणीनंतर नारायणगावजवळच्या आत्याच्या बागेला फुलोरा आला होता. चार दिवस आभाळ भरलेलं होतं. आत्याने मला महाळुंग्याहून बोलावून घेतलं. त्याच दिवशी तिच्या शेजाऱ्यांनी एका जुन्या, नावाजलेल्या सल्लागारांना आणलं होतं. आमच्याकडे असे साहेब बागेत फिरतात तेव्हा आजूबाजूचे सात-आठ बागायतदार मागे चालतात, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतात. मधे कुणी तोंड घालत नाही.

फिरत फिरत सगळे आत्याच्या बागेत आले. पानांवर फिकट पिवळे डाग होते. साहेब म्हणाले, "मॅग्नेशियम कमी पडलंय." मला ते डाग तेलकट दिसत होते. डाऊनी या बुरशीच्या रोगाची ती सुरुवात असते, आणि फुलोऱ्यात तो घडावर गेला की पीक हातचं जातं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

जाताना एक पान मात्र खुडून नेलं, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं. सकाळी पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी आली होती. याहून वेगळा पुरावा काय हवा? आत्याला मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. एवढी वर्षं बागा बघणारा माणूस चुकला आणि मी बरोबर निघाले, हे मला पटेचना. पिशवीत कोंदटल्यामुळे बुरशी आली असेल, असं म्हणून मी पान फेकून दिलं, मेसेजही पाठवला नाही. त्याची लाज अजून जात नाही. आता बागेत वेगळं दिसलं की मी बोलते. आवाज कापतो, पण बोलते.

पान फेकलं त्यानंतर आठवड्याने आत्याकडे गेले तेव्हा घड तपकिरी पडून गळत होते. आत्या कात्रीने ते कापून पाटीत टाकत होती. मी तिला सगळं सांगितलं, पानाचंही. म्हटलं, "साहेबांपुढे माझं कोण ऐकणार, असं वाटलं गं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. कात्री न थांबवता ती म्हणाली, "साहेबांना शेजारच्यांनी आणलं व्हतं. मी तुला बोलावलं व्हतं. साहेब बोलले तरी मी कुठं हलले? तू मान डोलावली, मग मी मॅग्नेशियम मारलं."