वेगळा खिळा

धाकटी बहीण सुमन माझ्याकडे राहायला आली आहे. तिच्या हातांवरचं इसब पुन्हा उठलंय आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम ती घरीच विसरली. ती कोमट पाण्याने अंघोळ करते, साबण टाळते, अंग ओलसर असतानाच तेल लावते. खाज सुटली की गार पाण्यात भिजवलेल्या सुती फडक्याची घडी हातावर ठेवते.

आज अंघोळीनंतर तिने टॉवेल दोरीवर न टाकता मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवला.

“अगं, दोरीवर जागा आहे की.”

“असू दे, दादा. सवय आहे मला.”

तो खिळा ती लहान असताना तिच्या टॉवेलसाठी मीच ठोकलेला. “हिचं इसब आपल्याला लागेल,” असं आईला मीच सांगितलं होतं. कॉलेजात जाणारा मुलगा सांगतोय म्हणून सगळ्यांनी ते मानलं. इसब कुणाचं कुणाला लागत नाही, हे मला वर्षभरातच कळलं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. पण मोठेपणा आड आला, आणि पुढे तिचं लग्न होऊन ती गेलीसुद्धा.

मी उठलो, खिळ्यावरचा टॉवेल काढला आणि तिच्यासमोर त्याने तोंड पुसलं.

सुमन म्हणाली, “ओला आहे रे तो.”