व्याह्याला घराबाहेर काढण्याची तालीम

सिंदेवाहीजवळच्या एका गावात मुखरू म्हणजे दंडार या तिथल्या लोकनाट्यातला हुकमी सोंगाड्या. दंडारीला कागद लागत नाही की पाठांतर. सुचेल ते बोलावं, समोर ओळखीचा दिसला तर त्याला रामराम ठोकावा आणि पुन्हा राजा व्हावं. पण १९५४ साली गुणवंतराव मास्तरांनी शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या जत्रेसाठी, छापील नाटक बसवायला घेतलं आणि मुखरूला केलं खलनायक. तिथेच पंचाईत झाली.

कारण नायिका होता इसरू. लुगडं त्याला बायकोपेक्षा चापून नेसता यायचं. आणि इसरू मुखरूचा व्याही. पोरगी वच्छला त्याच्याच घरी दिलेली. ज्या माणसासमोर मुखरू पाय पसरून बसला नव्हता, त्याला दंड धरून घराबाहेर काढायचं! तालमीत तो "निघ माझ्या घरातून!" असं गरजायचा आणि लगेच वाकून म्हणायचा, "इवाईबुवा, राग नका मानू."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "मुखरूभाऊ, नाटकाले कथानक लागते, पात्र लागते, संवाद लागते. अन् संघर्ष तर लागतेच. तुमी भांडणाच्या आधीच समेट करून राह्यले!"

"भांडन पुस्तकातलं हाय मास्तर. पोरगी माही हाय."

"आणखी एकदा माफी मागितली, तर तुमचं काम त्या कंदील धरनाऱ्या झाडूभाऊले देईन."

हे मात्र मुखरूला झोंबलं. वीस वर्षं गाव हसवलं आणि आता पडद्यामागे कंदील धरून बसायचं?

प्रयोगाला वच्छला सासूशेजारी पुढेच बसली होती. मुखरूने तिकडे पाहिलंच नाही. त्याने इसरूला असं ढकललं, की नायिका पालथीच पडली.

वच्छला ताडकन उठली. "बा! माह्या सासऱ्याले काऊन ढकलून राह्यले?"

मंडप खो खो हसला. मुखरूचे हात सवयीने जुळायला निघाले. विंगेत मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"खाली बस!" मुखरू कडाडला. "मी इथी कोनाचा बाप नाई!"

हसू जागच्या जागी थांबलं. वच्छला मटकन बसली. हे वाक्य पुस्तकात नव्हतं, पण मास्तरांनी तक्रार केली नाही.  मुखरूने मात्र कसाबसा अंक पुरा केला.

पडदा पडताच तो रंगलेल्या तोंडाने तिच्याकडे धावला. "वच्छला, जेवली का माय?"

तिने डिंकाने चिकटवलेली त्याची मिशी आधी खसकन ओढून काढली.

"आता बोला," ती म्हणाली.